स्वतःच्या शब्दांत

समजा, तुम्ही एका दाराआड उभे आहात. पदर कपाळाखाली ओढलेला आहे, आणि बाहेर सपरीत, म्हणजे ओसरीवर, कुणीतरी तुमच्याच हातचं लिहिलेलं मोठ्यानं वाचत आहे. वाचणारीचा आवाज रागाचा नाही, उलट गोडच आहे. तरी तुमचे कान तापत चाललेत. जमलं? मग आता तुम्ही दुर्गेश्वरीच्या जागी उभे आहात.

दुर्गेश्वरी ही चोरखमाऱ्याच्या तलावाखालच्या एका धानाच्या गावातली आशाताई. दरवर्षी घरोघरी हत्तीरोगाच्या गोळ्या देणं तिचं काम. यंदा राज्याच्या नव्या आराखड्यातून तिच्या वहीत एक नवा रकाना आला होता. नुसतं 'गोळी खाल्ली' लिहून भागणार नव्हतं. गोळी कशासाठी, हे माणसानं स्वतःच्या शब्दांत सांगायचं आणि तिनं ते जसंच्या तसं लिहायचं. लोकांना समजलं की नाही, ते वरच्यांना कळावं म्हणून.

गोंदियाहून तपासणीला आलेल्या अंजू मॅडम सपरीतल्या खाटेवर बसून वाचत होत्या. "केवळराम... 'हत्तीरोगाच्या जंतूंचा रक्तातील प्रसार रोखण्याकरिता मी सदर औषधाचे सेवन केले.'" त्यांनी मान वर केली. "बाबा, तुम्ही असं बोलता?"

"मी?" समोर बसलेले केवळराम हसले. "येवढं तं आमचा सरपंचबी बोलत नाई."

कुंपणापलीकडून शेजारची गीताबाई म्हणाली, "झोपीत बोलत असन बुढा!"

मॅडमनी पान उलटलं. "गीताबाई, तुमच्या नावापुढंही हेच आहे. तुम्हीसुद्धा 'सेवन' केलं म्हणे."

"मी तं पाण्यासंग गिटकली बापा. आशाताईनं उभं राहून गिटकवली."

दाराआड दुर्गेश्वरीनं डोळे मिटून घेतले. केवळराम तिचे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. या घरात धाकट्याची बायको भासऱ्यासमोर उभी राहत नाही, बोलणं तर दूरच. गावभर ती माणसांना समोर उभं करून गोळ्या गिळायला लावी. घरी मात्र गोळ्या आणि पाण्याचा पेला सपरीच्या कडेला ठेवून आत जाई. यंदा तो रकाना आला. भासऱ्यांना विचारणार कसं? म्हणून तिनं एक वाक्य आपल्या मनानं रचलं. ते इतकं सुरेख झालं, की मग दुसऱ्यांना विचारायचाही तिला कंटाळा आला. तेच वाक्य पानोपानी उतरलं.

"गोळ्या खाल्ल्या का बाबा? खरं सांगा."

केवळरामांची नजर दाराकडे गेली आणि लगेच जमिनीवर आली. "नाई खाल्ल्या. तीन वर्षं झाले. बिमारी नाई, तं गोळी कायले खा? मांगं नालीत टाकत होतो." मग आवाज खाली आणून, दुर्गेश्वरीचं नाव न घेता म्हणाले, "हर्षाच्या मायले वाईट नोको वाटाव, म्हणून पाणी तेवढं पेत होतो."

तीन वर्षं तो रिकामा पेला उचलताना दुर्गेश्वरीला बरं वाटत आलं होतं.

"हा डावा पाय असा का दिसतो?"

"धानाच्या रोवण्यापासून जड वाटून रायला. चिखलात उभा होतो, म्हणून असन."

मॅडमनी घोट्याजवळ अंगठा दाबला आणि उचलला. तिथं खळगा पडला. सगळे त्याच्याकडे बघत राहिले. तो भरेना. कुंपणापलीकडची गीताबाई आता हसत नव्हती.

मॅडम उठल्या. वही आणि पेन्सिल त्यांनी खाटेवरच ठेवली. दाराकडे बघून म्हणाल्या, "उद्या यांना दवाखान्यात घेऊन या, ताई. आणि एक सांगू? रकाना कोरा असता तरी चाललं असतं. कोरा असता, तर इथं कुणाला समजलं नाही हे कळून मी महिनाभर आधी आले असते."

गाडी गेली. मग केवळराम खाटेशी बसलेल्या आपल्या पुतणीला, चौथीतल्या हर्षाला म्हणाले, "हर्षा, तुह्या मायले विचार, कायच्या होत्या त्या गोळ्या."

विचारायची गरज नव्हती. दाराआडून आवाज आला, आधी घोगरा, मग हळूहळू मोकळा. "सांग मोठेबाबाले. डास चावते ना, तो रक्तात बारीक किडे सोडते. ते वर्ष वर्ष दिसत नाई, दुखत नाई. मंग एक दिवस पाय सुजते, अन् सुजून बसला का मंग पयल्यासारका होत नाई. म्हणून बिमारी दिसाच्या आधीच गोळी खा लागते."

हर्षानं यातलं काहीच पुन्हा सांगितलं नाही. केवळरामांनी सगळं ऐकलं होतं. ते आपल्या पायाकडे बघत होते.

"येवढीच गोष्ट होती?" ते म्हणाले. "मंग तीन वर्षं मले कोणी सांगतली काऊन नाई?"

दाराआडून पदराचा बोळा तोंडाशी दाबल्यावर जो आवाज येतो, तेवढा फक्त आला.

हर्षा उठली. खाटेवरची वही तिनं मांडीवर घेतली, मोठेबाबांच्या नावासमोरच्या त्या सुरेख वाक्यावर पेन्सिलीनं एक सरळ रेघ ओढली, आणि तिच्याखाली एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत, मोठेबाबा आत्ता जे बोलले होते ते, प्रश्नचिन्हासकट, जसंच्या तसं लिहिलं. मग ती आत गेली आणि वही आईपुढं धरून म्हणाली, "वाच ना. बरोबर लिवलं का?"