रवींद्रचं तिकीट

विमानतळाच्या एमआरटी मेट्रो स्टेशनात संजीवनीने घराजवळच्या पासिर रिसची दोन तिकिटं काढली. एक स्वतःचं, एक नवऱ्याचं. रवींद्रला जाऊन तीन महिने झाले होते.

तो गेला आफ्रिकेत. ऑफिसच्या कामाला जोडून झुलू राजांची जुनी राजधानी बघायला म्हणून हौसेने गेला आणि उमगुंगुंड्लोवूच्या त्या गोल झोपड्यांमध्ये छातीत कळ येऊन बसला, तो उठलाच नाही. अस्थी घरी आल्या, पण माणूस घरी आला असं काही संजीवनीला वाटेना. शेवटी ती स्वतःच तिथे जाऊन आली. जळून दगड झालेली झोपडीची जमीन दाखवत तिथला म्हातारा राखणदार म्हणाला, "तो अजून इथेच बसलाय, बाई." मग बोरीसारख्या काटेरी झाडाची डहाळी त्या जागी टेकवून त्याने तिच्या हातात दिली. "हिच्यावर बसून येईल. नाव घेऊन बोलवत राहा. त्याला वेगळी जागा दे. घराचा उंबरठा ओलांडेपर्यंत दुसऱ्या कोणाशी बोलू नकोस. बोललीस, की तो मागे फिरेल."

तेव्हापासून संजीवनीने तोंडाला कुलूप लावलं होतं. पासपोर्ट तपासणाऱ्यांसमोरही ती मुकी झाली. नवऱ्याचं नाव तिने आजवर उखाण्यातच घेतलेलं. सगळा संसार 'अहो'वर चालला. आता मात्र ओढणीतल्या डहाळीला ती पुन्हापुन्हा सांगत होती, "रवींद्र, चला. रवींद्र, इथे गाडी बदलायची."

ताना मेराहला गाडी बदलली. शेजारची जागा तिने पर्स ठेवून धरली, मग पर्सही उचलली. पुढच्या स्टेशनावर एक चिनी आजीबाई चढल्या, हातात पितरांसाठी जाळायच्या कागदांची पिशवी. रिकाम्या जागेवर बसायला वाकल्या आणि अर्ध्यातच थांबल्या.

"सॉरी आ, अंकल," असं त्या जागेला म्हणून त्या दांडा धरून उभ्या राहिल्या.

संजीवनीच्या अंगावर काटा आला. पण तिला भीती वाटली नाही, आनंदच झाला.

अकराव्या मजल्यावर लिफ्ट उघडली. "रवींद्र, आलं हं घर." समोर फ्लॅटच्या दारात सहा वर्षांची गार्गी उभी होती. बाबांना आणायला जाते, असं सांगूनच ती लेकीला आजीजवळ ठेवून गेली होती.

"आई, बाबा आले?"

संजीवनीने मान डोलावली.

"से प्रॉपरली ला! नीट सांग ना, आले की नाही?" गार्गीचा ओठ थरथरायला लागला. गेले आठ दिवस पोर आईच्या आवाजालाही मुकली होती.

"आले गं राजा," संजीवनी म्हणाली.

शब्द सुटला तेव्हा उंबरठा एकच पाऊल पुढे होता.

गार्गीचा चेहरा फुलला. आईच्या मागे बघत तिने हात हलवला आणि तो हात तसाच वर राहिला. पाठीमागे लिफ्टचं दार पुन्हा उघडल्याचा आवाज आला. बटण कोणी दाबलं नव्हतं.

"आई, मग बाबा परत खाली का चाललेत?"