कर्ता ओळखा

आनंदी जगण्याचं शिबिर करून आल्यापासून आमचे हे रोज जेवण झालं की वहीत दिवसभरातल्या तीन चांगल्या गोष्टी लिहितात. वर मलाच ऐकवतात, "अगं, कृतज्ञतेनं माणूस बदलतो. तूही लिहीत जा, सदा कपाळाला आठ्या!"

आज त्यांचं टेबल आवरताना ती वही हाती लागली. उघडली.

"सकाळी उठल्या उठल्या गरम चहा झाला. शर्टाला कडक इस्त्री झालेली होती. आईची औषधं वेळेवर दिली गेली."

पुढच्या पानावर, "डबा भरून तयार होता. आईची पाठ शेकून झाली. घर कसं लख्ख होतं."

चार महिन्यांची पानं चाळली. खिडकीतल्या चिमणीचे आभार आहेत, लिफ्ट चालू असल्याचे आहेत. माझं नाव मात्र औषधालाही नाही!

तळपायाची आग मस्तकात गेली. वीस वर्षं शाळेत व्याकरण शिकवतेय मी. पर्समधलं लाल पेन काढलं आणि शेवटच्या नोंदीखाली लिहिलं,



"वरील सर्व वाक्यांतील कर्ता ओळखा. उत्तर येईपर्यंत चहा 'होणार' नाही."