विहारातलं फ्रेंच गाणं

आदिलाबादजवळच्या बेल्याच्या बुद्धविहारात जपानहून आलेल्या गायिकेनं गाणं म्हटलं. जपानी बाई म्हणजे वंदनाच म्हणणार, असं समजून सारं गाव हात जोडून बसलं आणि शेवटी रिवाजाप्रमाणे, 'छान झालं' अशा अर्थानं, एका सुरात म्हणालं, "साधू, साधू, साधू."

दुभाष्या गोंधळला. "अहो, हे फ्रेंच गाणं आहे. रुसलेल्या प्रियकराचं."

जपानी बाई फ्रेंच काऊन गाते, हे शाळेतल्या मोतीराम गुरुजींनाही उमजेना. तेवढ्यात सहावीतली सोना उठली. दोन दिवसांनी आदिलाबादला शाळांच्या स्पर्धेत तिला तेलुगू गाणं म्हणायचं होतं, पण तिच्या उच्चारांना पोरं हसतात म्हणून ती नाहीच म्हणून बसली होती.

"गुरुजी, बाईले इचारा ना, थे फ्रेंच लोक हासत नाईत काय इले?"

दुभाष्यानं विचारलं. बाई म्हणाल्या, "हसतात. पण 'साधू' आजवर कोणी म्हटलं नव्हतं."

हे उत्तर की थट्टा, गुरुजींना कळेना.

तिसऱ्या दिवशी आदिलाबादला सोनानं तोंड उघडलं, तशा पुढच्या रांगा खिदळल्या. तिचा सूर डळमळला, पण गाणं पुरं झालं. तेव्हा मागच्या बाकावरून गुरुजी उठले आणि हात जोडून एकटेच म्हणाले, "साधू, साधू, साधू."