लेकीची गाणी

अकरावीतली शर्वरी आईशी धड बोलेना, म्हणून वैजयंतीने लेकीची ती कोरियन गाणी ऐकायला घेतली. आधी नुसतं डोकं दुखलं. मग पोळ्या लाटताना ती स्वतःच गुणगुणू लागली. ती गाणी गाणाऱ्या ग्रुपमधल्या पोरांची अवघड नावंसुद्धा तिला पाठ झाली.

शर्वरीच्या वाढदिवसाला तिने लेकीच्या मैत्रिणींसमोर त्याच ग्रुपच्या गाण्यावर नाचून दाखवलं. "काकू, कसल्या भारी आहात तुम्ही!" पोरींनी टाळ्या पिटल्या. शर्वरी तेवढी रिकाम्या प्लेटा गोळा करू लागली.

मैत्रिणी गेल्यावर तिने भिंतीवरची सगळी पोस्टरं उतरवून आईच्या हातात कोंबली.

"घे, तूच ठेव. मी नाही ऐकत आता हे."

"अगं, मग काय ऐकतेस?" वैजयंतीने हळूच विचारलं.

"तुला सांगितलं, तर तेही सोडावं लागेल."