होल्डरचं माप

मंगरूळपीरच्या वर्कशॉपमध्ये परवेज आणि त्याचा साला अजहर यांची अर्धी-अर्धी भागीदारी होती. माप घ्यायचं अजहरनं, घडवायचं परवेजनं. छोट्या लेथचा टूल होल्डर, म्हणजे कापायचं हत्यार पकडून ठेवणारा भाग, तुटला, तेव्हा परवेजनं ट्रॅक्टरच्या जुन्या एक्सलमधून नवा घडवला. पंधरा दिवस कानस चालवून अजहरनं दिलेल्या मापाला आणला, तरी होल्डर लेथवर बसेचना. “मापात माहीच चूक झाली, दुल्हाभाई,” म्हणत अजहरनं तो भंगारात द्यायला नेला. परवेजनंच त्याची समजूत काढली. आठ दिवसांनी समोरच्याच गाळ्यात अजहरच्या स्वतःच्या वर्कशॉपचं उद्घाटन झालं. पेढे वाटायला परवेजचीच बायको उभी होती. नव्याकोऱ्या लेथवर तोच होल्डर चढला होता. “पाहा न दुल्हाभाई, तुमच्या हाताले तोड नाही,” अजहर म्हणाला. परवेजनं होल्डर हलवून पाहिला. केसाएवढी फट नव्हती. बायकोनं पुढे केलेला पेढा त्यानं घेतला. “माप तं बरोबरच होतं,” तो म्हणाला.