शोकगीताचा अर्थ

पतीच्या निधनाच्या दुसऱ्या दिवशी गुल्शायर प्रथेप्रमाणे अंगणातील युर्टमध्ये, म्हणजे लोकरी नमद्याच्या गोल तंबूत, भिंतीकडे मुख करून बसली होती. दारी कोणीही येवो, त्याच्यासमोर नवे शब्द जुळवून विलाप गाणे हा विधवेचा धर्म. परदेशी प्रवाशांना वाट दाखविणारा तिचा दीर मेदेर एका ब्लॉगलेखकास घेऊन आत आला. विलाप संपताच पाहुण्याने कॅमेरा खाली घेतला.

“मेदेर, बाईंना म्हणावं, पुन्हा एकदा गा. मघाशी उजेड कमी होता. आणि चेहरा इकडे करा.”

मेदेर चाचरला. “वहिनी, पाहुणा फार लांबून आलाय हो. जरा परत म्हणता का?”

शोकाला जमलेल्या स्त्रियांनी एकमेकींकडे पाहिले. गुल्शायर वळली आणि पाहुण्यावर दृष्टी रोखून तिने पुन्हा विलाप आरंभिला. ऐकता ऐकता एकेका स्त्रीने मेदेरकडे पाठ फिरविली.

“अप्रतिम!” पाहुणा पुटपुटला. “अर्थ सांग ना लवकर, ब्लॉगवर द्यायचाय.”

मेदेरची मान वर होईना.

“ती म्हणते, धनी, तुम्हांला अजून माती दिली नाही, तोच घरात गिधाड उतरलं. त्याला वाट तुमच्या पाठच्या भावानं दाखवली.”