संदर्भ हवा

आष्टीकडच्या आपल्या गावाचं विकिपीडियावरचं पान शिवकन्यानं उघडलं आणि तिचं डोकंच फिरलं. शंभर गावांना एकच साचा: हवामान उष्ण, मुख्य व्यवसाय शेती, लोक कष्टाळू. तिनं दातओठ खात खाली एक ओळ घातली, 'ऊसतोडीत खाडा पडू नये म्हणून गावातल्या एकवीस बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या आहेत.'

घटकाभरात त्या ओळीला कुणीतरी सूचनेचा साचा चिकटवला: 'संदर्भ हवा'.

"म्हंजी काय मागतेत?" भाकरी थापता थापता आईनं विचारलं.

"पुरावा मागतेत, माय. घरी बसून."

आईनं पिठाचे हात लुगड्याला पुसले, पदर बाजूला सारला आणि पोटावरचा टाक्यांचा वण उघडा केला. "काढ फोटू."

तव्यावरची भाकरी उतरायच्या आत पानावर चढवलेल्या फोटोवर दुसरा साचा आला: 'चित्रातील व्यक्तीची लेखी परवानगी जोडा, अन्यथा चित्र काढून टाकले जाईल.' शिवकन्यानं तो मोठ्यानं वाचून दाखवला.



"फोटूला परवानगी लागती व्हय?" आई कडाडली. "मंग पिशवी काढताना मला कुणीच कसं न्हाई इचारलं?"